घरची पोर, पाहुणी खेळाडू

त्रिंबकराव आयुष्यात कशाचेच सभासद झाले नव्हते आणि या गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान होता. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या गल्लीत गणेश मंडळ होतं, भिशी होती, पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा एक संघ होता आणि त्यातून फुटून संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांचा दुसरा संघ होता. त्रिंबकराव दोन्ही वेळा फिरायला जात, पण एकटेच, आणि समोरून कुठला का संघ येईना, त्याच्याकडं बघून सारखंच हसत. गणपतीची वर्गणी देत, पण फळ्यावर नाव टाकू देत नसत. ‘एक हितचिंतक’ म्हणून टाका, म्हणत. फळ्यावर हितचिंतक एकच असे, त्यामुळे तो कोण हे गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ होतं.

काळच असा होता की माणसानं जपून राहावं, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पंधरा वर्षं धुमसत होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा बंदला विरोध म्हणून बंद. त्रिंबकराव चितेगावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनीच्या बसमध्ये डाव्या बाजूला नाव बदललंच पाहिजे म्हणणारे बसत, उजव्या बाजूला बदलता कामा नये म्हणणारे बसत आणि त्रिंबकराव ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या पेटीवर बसत. तिथं पार्श्वभाग भाजायचा, पण मत विचारायला कुणी यायचं नाही. हिशेब खात्यातले भिकनभाऊ नामांतराच्या चळवळीत तरुणपणापासून होते, लाठ्याही खाल्लेल्या. त्यांनी एकदा पेटीपर्यंत येऊन विचारलंच, “त्रिंबकराव, तुम्ही कोन्या बाजूचे?”

“बघू,” त्रिंबकराव म्हणाले.

हा ‘बघू’ त्रिंबकरावांचा हुकमी शब्द. शहरात ‘बघू’ म्हणजे नाही. फक्त समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून जरा कपडे घालून आलेलं नाही. पण त्रिंबकरावांच्या गावाकडं, पैठण रस्त्याच्या आतल्या अंगाला, ‘बघू’ म्हणजे होय. फक्त तिथी काढायची राहिली. शहरात राहून राहून त्रिंबकराव हा फरक विसरले होते. पुढचं सगळं रामायण या विसरण्यातून झालं.

आता सारजाकडं येऊ. सारजा त्यांची एकुलती एक लेक, नववीत होती. दर सुट्टीत ती गावी आजीकडं, बानाबाईंकडं जाई. घरचा पिढीजात धंदा मेंढरांचा. बानाबाई गोफण फिरवून दगड सोडायच्या तो भरकटलेल्या मेंढीच्या बरोबर पुढ्यात पडायचा, मेंढीला कधी लागायचा नाही. नातीनं ती विद्या उचलली. औरंगपुऱ्यात भांड्याच्या दुकानाच्या वर मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचं ऑफिस चालवणाऱ्या बद्रीनाथ सरांनी तिला शाळेच्या मैदानावर चेंडू फेकताना पाहिलं आणि ते बघतच राहिले. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, हात पूर्ण गरकन फिरवून. पोरींना तो फेरा शिकायला वर्ष जातं. ही घरून शिकून आलेली.

सर त्याच संध्याकाळी घरी आले. “त्रिंबकराव, पोरगी आमच्या टीममध्ये द्या.”

त्रिंबकराव बसल्या जागी मागं सरकले. टीममध्ये म्हणजे सभासद! शिवाय शहरात मुलींच्या दोन टीम होत्या, एक औरंगपुऱ्याची आणि एक सिडकोची, आणि एका बॅटीच्या मालकीवरून त्यांचं बोलणं बंद होतं. सिडकोच्या टीमचे सेक्रेटरी नेमके त्रिंबकरावांच्या कंपनीत साहेब होते. एकीत जावं तर दुसरी रुसणार.

“बघू,” ते म्हणाले.

“मग तोवर गेस्ट प्लेअर म्हणून तरी खेळू द्या,” सर कंटाळून म्हणाले. “म्हणजे पाहुणी खेळाडू. नाव कुठं लागत नाही. मॅच असली की यायचं, खेळायचं, घरी जायचं.”

त्रिंबकरावांचा चेहरा उजळला. नाव कुठं लागत नाही! इतकी सुंदर सोय या जगात आहे आणि आपल्याला कुणी सांगितली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की सारजा औरंगपुऱ्याकडूनही पाहुणी खेळेल, सिडकोकडूनही खेळेल आणि सगळ्यांची लाडकी राहील.

“आबा, मला टीममधेच जायचंय,” सारजा म्हणाली.

“बघू,” आबा म्हणाले. सारजा शहरात वाढलेली असल्यामुळं तिला अर्थ कळला. ती आत निघून गेली.

पहिल्याच मॅचला अडचण आली ती स्वयंपाकघरातून. सारजाची आई म्हाळसाबाई नवऱ्याला म्हणाल्या, “पाहुनी म्हनून चाललीया न् रिकाम्या हातानं? लोक काय म्हनतील?” आणि त्यांनी सारजाबरोबर चिवड्याचा डबा दिला. औरंगपुऱ्याच्या पोरींनी तो मॅचआधीच संपवला आणि पहिल्या डावात कुणालाच पळवेना. तरी सारजाच्या हातानं मॅच मारली. आता आलेल्या डब्यातून काहीतरी परत पाठवायची रीत, म्हणून सरांच्या बायकोनं त्यात करंज्या घातल्या. पुढच्या रविवारी सारजा सिडकोकडून खेळली. सिडकोवाल्यांना करंज्यांची बातमी लागली होतीच. त्यांनी पाहुणीला स्टीलची वाटी दिली. त्यानंतर बिडकीनकडं एका गावात मॅच झाली, तिथल्या सरपंचांना कुणीतरी सांगितलं की टीमबरोबर पाहुणी आली आहे. त्यांनी पिचिंग मध्येच थांबवून सारजाला नारळ आणि खण दिला आणि घरातल्या बायकांनी मैदानावर येऊन तिची ओटी भरली. ओटीतले तांदूळ सांभाळत तिनं पुढचे चेंडू टाकले. अंपायर खेळाच्या नियमांचं पुस्तक चाळत राहिला, पण ओटीबद्दल त्यात काही नव्हतं.

फळीवर वाट्या वाढू लागल्या तशी गल्लीलाही मतं फुटली. पलीकडच्या घरातले काकासाहेब तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीतला एकमेव टेलिफोन त्यांच्याकडं असल्यामुळं त्यांच्या मताला वजन होतं. ते ओट्यावर बसून म्हणाले, “त्रिंबकराव, माणूस एका दावणीला बरा. ही काय तुमची पद्धत? आज ह्यांच्यात, उद्या त्यांच्यात. पोरीनं एकदा कुठंतरी रुजू व्हावं.”

“रुजू झालं की बदली आली, काकासाहेब,” त्रिंबकराव म्हणाले. “पाहुण्याला बदली नाही, निलंबन नाही.”

“आणि पेन्शन?”

 सॉफ्टबॉलात पेन्शन नसते, हे त्रिंबकरावांच्या रात्री जेवताना लक्षात आलं. तेव्हा फार उशीर झाला होता.

खरी अडचण आली जालन्याहून. तिथं मोठी स्पर्धा होती आणि तिथल्या टीमला चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, हवी होती. बद्रीनाथ सर मनाचे मोठे. ते म्हणाले, पोरीला मोठं मैदान मिळू दे, मी बोलतो त्यांच्याशी. पण मोठ्या स्पर्धेत पाहुण्याचेही कागद लागतात. त्रिंबकराव सुट्टी काढून, लुना मारत, औरंगपुऱ्याच्या गर्दीतून वाट काढत खेळाच्या एका ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

“पाहुणी म्हणून खेळवायचंय? जरूर खेळवा. मूळ टीमचं ना-हरकत आणा.”

“मूळ टीम नाही तिला.”

“मग ती पाहुणी कशी?”

“सगळीकडंच पाहुणी आहे.”

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. “ऐसा कैसा चलेगा, साहेब? पाहुणा म्हणजे काय, ज्याला आपलं घर आहे आणि तो दुसऱ्याच्या घरी आलाय. घरच नाही त्याला आम्ही पाहुणा नाही म्हणत.”

“मी बाप आहे तिचा. माझी हरकत नाही, असं लिहून देतो.”

“तुमची हरकत असली काय अन् नसली काय,” कारकून म्हणाला. हे त्यानं सहज म्हटलं, पण त्रिंबकरावांना ते फार लागलं. घरात हेच वाक्य ते रोज निराळ्या शब्दांत ऐकत होते. सरकारी पातळीवरून ऐकायची ही पहिली वेळ.

घरी आल्यावर सारजानं विचारलं, “मग आता टीममधे नाव घालू?” त्रिंबकराव तोच आपला शब्द पुटपुटले आणि वर्तमानपत्राच्या मागं गेले. वर्तमानपत्रात पुन्हा बंदची बातमी होती. मोठ्या मैदानावर बंदोबस्ताचे तंबू पडले होते आणि पोरींची प्रॅक्टिस थांबली होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी काकासाहेबांचा फोन वाजला. फोन घेतला त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी. त्यांच्या बाजूनं हे सांगायलाच हवं की त्यांनी निरोपातलं एक अक्षरही बदललं नाही. त्या थेट म्हाळसाबाईंच्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, “जालन्याच्या मालनबाई रविवारी येताहेत. पोरगी बघतील. मैदानावर तंबू आहेत म्हणून घरीच येतील. पसंत पडली तर लगेच घेऊन जातील. खर्च सगळा त्यांचा. आणि त्रिंबकरावांना सांगा, आता बघू म्हणू नका.”

“फोन कोनाचा व्हता?” म्हाळसाबाईंनी भिंतीला धरत विचारलं.

“कुणी सर होते. मध्यस्थ असतील.” मैदान आणि तंबू यांचा अर्थ चतुराबाईंनी आपल्या मनाशी लावला होता: मंगल कार्यालय नको म्हणताहेत, साधी माणसं आहेत. “पोरीला एवढ्यात सांगू नका हो. ऐनवेळी साडी नेसवायची.”

त्रिंबकराव कामावरून आले तेव्हा ताटातली भाकरी त्यांच्यापुढं इतक्या जोरात आदळली की तिचे दोन तुकडे झाले. “पोरीचं वय काय, न् तुमी जालन्याला सबुद देऊन बसला?”

“मी? मी कुणाला शब्द दिला?”

“बघू म्हनला असाल कुटंतरी!”

त्रिंबकरावांनी मान खाली घालून भाकरीचे दोन तुकडे जुळवायला घेतले. कारण ते म्हणाले होते. दिवाळीत गावी थोरले भाऊ मल्हारराव म्हणाले होते, “त्रिंबका, पोरगी वाढाय लागली, एखादं स्थळ पाहू का?” आणि त्रिंबकरावांच्या तोंडून सवयीनं तो शब्द निसटला होता. आता त्यांना दरदरून घाम फुटला. पंधरा वर्षांची पोर! तिचं लग्न त्यांना नको होतं. कुणी समोर उभं राहून विचारलं असतं तर त्यांनी... त्यांनी काय म्हटलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच घाम जास्त फुटला.

येणाऱ्यांना नको म्हणून कळवावं तर पत्ता नव्हता, आणि पत्ता असता तरी नको म्हणावं लागलं असतं. काकासाहेबांनी समजूत घातली. “घरी येणाऱ्याला परत लावता येत नाही, त्रिंबकराव. येऊ द्या, पोहे खाऊ द्या, मग काहीतरी खोट काढू. वय कमी म्हणून कायद्यानंही अडवता येतं. मी कलम बघून ठेवतो. पण थोरला भाऊ बैठकीला पाहिजे.” आणि त्यांनी परस्पर पैठण रस्त्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर मल्हाररावांना निरोप धाडला.

मल्हारराव निरोप ऐकून पेटले. चुलता जिवंत असताना जालन्याचे लोक परस्पर पोरगी बघायला येतात! त्यांनी मनात योजलेलं स्थळ वेगळंच होतं. चितेगावजवळचे नानासाहेब, त्यांची थोडी जमीन, मेंढरं, एका कंपनीतली नोकरी आणि आयटीआयला जाणारा मुलगा. रविवारी सकाळी मल्हाररावांनी नानासाहेबांना गाडीत घातलं आणि घेऊन आले. काय करायचंय, ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “टोपी घाला, नवी.”

आदल्या दिवशी बंद होता, त्यामुळं रविवारी रस्ते सुनसान होते आणि पुंडलिकनगरात पोह्यांच्या फोडणीचा वास चार गल्ल्या पलीकडं जात होता. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. एका बाजूला मल्हारराव मिशा चावत बसले होते, शेजारी नव्या टोपीत गोंधळलेले नानासाहेब, दाराशी कायद्याचं पुस्तक मांडीवर घेऊन काकासाहेब. सारजाला चतुराबाईंनी आपल्या घरी नेऊन, हळदीकुंकवाला जायचंय असं सांगून, साडी नेसवायला घेतली होती.

जीप आली. जीपमधून निळा ट्रॅकसूट घातलेल्या, गळ्यात शिट्टी असलेल्या, चांगल्या भक्कम बाई उतरल्या. मागून एक टक्कल पडलेले, चाळिशीचे, शांत गृहस्थ उतरले.

म्हाळसाबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. सासू विजार घालते! आणि नवरामुलगा, तो टकला?

“मी मालनबाई,” बाई सतरंजीवर मांडी ठोकून म्हणाल्या. “पोरगी कुठंय? आधी हात बघू द्या. हात चांगला असला की बाकीचं सगळं आम्ही शिकवून घेतो.”

“पत्रिका नको?” काकासाहेबांनी विचारलं.

“कसली पत्रिका? हात बघायचा न् पाय बघायचे.” मालनबाईंनी पोह्यांची बशी उचलली. “पळती का चांगली?”

दाराआडून म्हाळसाबाई बाहेरच आल्या. “पळती म्हंजे? आमची पोर कशाला पळंल? चांगल्या घरची हाय ती!”

“अहो, न पळून कसं चालंल? आमच्याकडच्या सगळ्या पळतात.”

“सगळ्या?” मल्हाररावांचा आवाज चढला. “किती हायेत तुमच्याकडं?”

“आठ आहेत. ही नववी.”

मल्हाररावांना ठसका लागला. नानासाहेबांनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि टकल्या गृहस्थाकडं भीतीनं पाहिलं. गृहस्थ नम्रपणे म्हणाले, “पोहे झकास झालेत.”

“नऊ तर लागतातच,” मालनबाई सांगत होत्या. “वर दोघी-तिघी राखीव ठेवतो. एखादीचा पाय मोडला, तर ऐनवेळी कुठं शोधायची?”

काकासाहेबांनी भराभर पुस्तकाची पानं उलटायला सुरुवात केली. त्यांनी काढून ठेवलेलं वयाचं कलम एका बायकोपुरतंच होतं.

“आणि तुम्ही काळजी करू नका,” मालनबाईंनी त्रिंबकरावांकडं वळून समजावलं. “कायमची नाही नेत. आठवडाभर ठेवून घेतो न् आणून सोडतो. पाहुणीच ना शेवटी!”

मल्हारराव उठलेच. “उठा! पहिले भायेर व्हा! त्रिंबका, काठी कुटंय?”

पण त्रिंबकराव हसत होते. ‘पाहुणी’ हा शब्द त्यांच्या डोक्यात शिरला होता आणि तिथं एकेक दिवा लागत गेला: जालना, हात, नऊ जणी, राखीव. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि बोलता येईना. त्यांनी फक्त हवेत हात गोल फिरवून दाखवला. ते पाहून मल्हाररावांची खात्री झाली की भाऊ कामातून गेला.

तेवढ्यात सारजा अर्धी साडी एका हातात गोळा करून पळत आली. पळत आली, हे म्हाळसाबाईंच्या लक्षात राहिलं. “जालन्याच्या टीमच्या मालन मॅडम! तुम्ही? इथं?”

मग उलगडा झाला. सगळे एकदम बोलू लागले. टकल्या गृहस्थांनी, म्हणजे टीमच्या मॅनेजरनी, जीपमधून ग्लोव्ह काढले. सारजानं पदर खोचला आणि गल्लीतच चेंडू टाकून दाखवला. चेंडू ग्लोव्हमध्ये असा धाडकन बसला की मॅनेजरांनी बराच वेळ हात झटकला. मालनबाईंनी त्यांना काही विचारलंच नाही, नुसती शिट्टी वाजवली. म्हाळसाबाई मटकन ओट्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसू लागल्या. मालनबाईंना लोकांनी काय समजलं ते कळलं तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरच्या घरातले लोक बाहेर आले.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मल्हारराव हसत नव्हते.

“झालं ते बेस झालं,” ते सतरंजीवर परत बसत म्हणाले. “जालन्याची पीडा टळली. आता नानासाहेब आलेच हायेत. पोरगी त्यांनी पाहिली. पोरगं शिकतंय. लगीन दोन-तीन वर्सानं करू, पर सुपारी आत्ता फोडून घेऊ. आन गं सुपारी.”

 म्हाळसाबाई उठल्या आणि लेकीच्या पुढं उभ्या राहिल्या. सारजा आईच्या खांद्यावरून बापाकडं बघत होती. 

“दादा...” त्रिंबकराव म्हणाले.

“दादा काय? दिवाळीत तूच म्हनलास ना, बघू म्हनून? चार मानसांत सांगून बसलो मी. आता बोल.”

सगळे त्रिंबकरावांकडं पाहू लागले. त्रिंबकरावांनी सवयीनं इंजिनाची पेटी शोधली, पण घरात ती नव्हती. मालनबाई एका बाजूला, मल्हारराव दुसऱ्या बाजूला, मधे पोरगी. तोंडात तोच शब्द तयार होता, ओठांवर आला होता. तो म्हटला असता तर मल्हाररावांनी सुपारी फोडली असती. हे त्यांना कळलं, आणि ते घाबरले. पोरीसाठी घाबरले, स्वतःसाठी नव्हे. त्यामुळं जरा धीर आला.

“नाही,” ते म्हणाले.

“नाही म्हंजी? आत्ता नाय का कदीच नाय?”

“नाही म्हणजे नाही, दादा. ती शिकंल, खेळंल. मोठी झाली की तिचं तिला विचारू. दिवाळीत मी बघू म्हणालो तेव्हाही मला नाहीच म्हणायचं होतं. चूक माझी. पाया पडतो, पण सुपारी फुटायची नाही.”

 मल्हारराव लाल झाले होते. काय होतंय ते कळेना. तेवढ्यात नानासाहेबांनी टोपी काढून एक लांब सुस्कारा सोडला.

“सुटलो बुवा!”

“तुमी काहून सुटला?” मल्हारराव गरजले.

“मल्हारराव, माझं पोरगं सतरा वर्साचं. त्याला अजून मिसरूड नाय. तुमी मला इचारलं तवा म्या काय म्हनलो व्हतो?”

“बघू म्हनला व्हता.”

“मंग? कंपनीत लागल्यापून म्या शहरातलं बघू म्हनाया लागलो. तुमी गावाकडचं ऐकलं.” नानासाहेबांनी त्रिंबकरावांचा हात दोन्ही हातांत धरला. “लई उपकार झाले. माझ्यानं नाय म्हनवत नव्हतं.”

मल्हाररावांनी आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं, मग पोह्यांकडं पाहिलं. “मंग आन बाई अजून थोडे,” ते शेवटी म्हाळसाबाईंना म्हणाले. “आता आलोच हाय तर.” त्यांनाही कुठंतरी बरंच वाटलं असावं. जालन्याला आठ सवती आहेत असं समजून त्यांचं काळीज मघाशी चांगलंच हललं होतं.

पोह्यांची दुसरी फेरी चालू असताना मालनबाई म्हणाल्या, “मग पोरगी आमच्याकडं नेऊ ना? ना-हरकत कुठल्या टीमचं घेऊ?”

“औरंगपुऱ्याच्या,” त्रिंबकराव म्हणाले. एकदा नाही म्हटल्यावर होय म्हणणं सोपं जातं, हा शोध त्यांना नुकताच लागला होता. “ती बद्रीनाथ सरांच्या टीमची आहे. उद्या नाव घालतो. सिडकोचे साहेब रुसले तर रुसोत.”

सारजानं साडी सावरली. “मॅडम, यंदा मी नाय येत. आधी आमच्या टीमकडून खेळते. पुढच्या साली येईन पाहुणी.”

“आमच्या टीमकडून,” मालनबाईंनी मॅनेजरांना तिचेच शब्द ऐकवले. त्यांची पिचर गेली होती, तरी त्या खूश दिसल्या. जाताना म्हाळसाबाईंनी त्यांची ओटी भरली. ट्रॅकसूटला ओचा नसल्यामुळं त्यांनी तांदूळ ग्लोव्हमध्ये घेतले.

सोमवारी नाव लागलं. कारकून म्हणाला, आता हवं तर पाहुणी म्हणून कुठंही खेळवा. साहेब रुसले, पण आठवडाभरच. संक्रांतीला विद्यापीठाला नवं नाव मिळालं आणि सगळं शहर काय होतंय म्हणून श्वास रोखून बसलं. मग हळूहळू रिक्षा सुरू झाल्या, शटर वर गेली, मैदानावरचे तंबू उठू लागले. कंपनीच्या बसमध्ये भिकनभाऊंनी पेढे आणले. ते इंजिनाच्या पेटीपर्यंत आले आणि जरा थबकले, कारण त्रिंबकराव असले पेढे खिशात ठेवतात हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्रिंबकरावांनी पेढा घेतला, दोन्ही बाजूंच्या देखत तोंडात टाकला आणि म्हणाले, “नाव चांगलं झालं, भिकनभाऊ.” मग ते उठून भिकनभाऊंच्या शेजारी जाऊन बसले. गादीवर बसायला किती बरं वाटतं, हे ते विसरूनच गेले होते.

मैदान मोकळं झालं तशी प्रॅक्टिस सुरू झाली. टीममध्ये नाव लागल्यानंतरची सारजाची ही पहिली प्रॅक्टिस. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचे गुडघे मातीनं भरले होते आणि डोळे लाल होते. त्रिंबकराव दारातच उभे होते.

“काय झालं गं?”

“सर लई बोलले. सगळ्या पोरींसमोर. तीन चेंडू वाईट गेले म्हणून गाढव म्हणले, न् मैदानाला चकरा मारायला लावल्या.”

त्रिंबकरावांनी चपला पायात घातल्या. “गाढव? माझ्या पोरीला? थांब, बघतोच त्या बद्रीनाथ सरांना.”

सारजानं त्यांचा हात धरला. “आबा, बसा हो. इतके दिवस कितीबी वाईट टाकला तरी सर राहू दे, राहू दे म्हणायचे, न् पाणी आणून द्यायचे. बाकीच्या पोरींना मात्र मन लावून शिव्या. पाहुणीला कोण बोलतंय?” तिनं बाहीनं डोळे पुसले आणि तिला एकदम हसू फुटलं. “आज पहिल्यांदा बोलले!”

 त्रिंबकरावांनी चपला काढल्या आणि आत हाक मारली, “अगं, ऐकलंस का? सरांनी आपल्या पोरीला गाढव म्हटलं!”

पलीकडच्या ओट्यावरून चतुराबाईंनी विचारलं, की एवढं आनंदानं ओरडायला झालं तरी काय.